ॲनाटॉमी आणि फिजिऑलॉजी: पहिल्या वर्षात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नर्सिंग, फिजिओथेरपी, फार्मसी, क्रीडाविज्ञान, जीवशास्त्राची पदवी, वाट कोणतीही असो, मानवी शरीररचना आणि शरीरक्रिया हा पेपर पहिल्याच वर्षी समोर उभा राहतो. खालचे प्रश्न वर्गात, प्रॅक्टिकलच्या टेबलाशी आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात पुन्हा पुन्हा कानावर येतात. काहींना एका ओळीचं उत्तर पुरतं, काहींसाठी जरा बैठक मारावी लागते.

हा एक विषय आहे की दोन?

वेळापत्रकात दोन. काय कुठे आहे, कशाला लागून आहे, कशाचं बनलं आहे, ही ॲनाटॉमी. ते काम कसं करतं, ही फिजिऑलॉजी. पण दोन वह्या करून दोन्ही वेगवेगळे वाचले की कष्ट वाढतात आणि हाती कमी लागतं.

हृदय घ्या. डाव्या व्हेंट्रिकलची, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्याची, भिंत उजव्याच्या साधारण तिप्पट जाड असते. नुसतं पाठ केलं तर ऐन पेपरात डावं की उजवं हा घोळ ठरलेला. आता विचारा, जाड का? "डावीकडून जास्त रक्त ढकलायचं असतं" असं बहुतेक जण सांगतात आणि ते चूक आहे. दोन्ही बाजू दर मिनिटाला सारखंच रक्त ढकलतात, नाहीतर ते एकीकडे साचत गेलं असतं. फरक दाबाचा आहे. डाव्या बाजूला सगळ्या शरीराच्या रक्तवाहिन्यांविरुद्ध १२० मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास दाब तयार करावा लागतो, उजवीला फक्त फुप्फुसांसाठी २५च्या आसपास पुरतो. हे एकदा कळलं की जाड भिंत कोणती ते विसरायचं म्हटलं तरी विसरता येत नाही. रचना दिसली की "अशीच का?" आणि क्रिया वाचली की "कुठे?", हे दोन प्रश्न वर्षभर सोडू नका. या पानावरचं बाकीचं बरंचसं त्यातूनच निघालेलं आहे.

पाठांतर टाळता येईल का?

नाही. ते कमी करता येतं, टाळता येत नाही. मोठ्या माणसाच्या शरीरात २०६ हाडं, मेंदूतून निघणाऱ्या चेतांच्या १२ जोड्या, पाठीच्या कण्यातून निघणाऱ्या ३१. यातली नावं तर्काने शोधून काढता येत नाहीत, ती पाठच करावी लागतात. पण पाठ कशाला करायचं आणि समजून कशाला घ्यायचं याची निवड तुमच्या हातात आहे. मनगटाची आठ हाडं पाठ करा. रक्तदाब कमी झाल्यावर काय काय होतं याच्या पायऱ्या पाठ करू नका. मधली एक पायरी निसटली की पुढचं सगळंच निसटतं.

रसायनशास्त्र कच्चं आहे. अडेल का?

थोडं अडेल, पण ते भरून काढता येतं. आयन म्हणजे काय, विसरण (डिफ्यूजन) आणि परासरण (ऑस्मोसिस) यांत फरक काय, आम्ल, आम्लारी आणि पीएच, प्रथिनाचा आकार बदलला की त्याचं काम का बदलतं, पेशीला ऊर्जा पुरवणारं एटीपी कशासाठी लागतं, एवढ्या शिदोरीवर पहिलं वर्ष निघतं. त्यातलं परासरण मात्र पक्कं करा. ०.९ टक्के मिठाच्या द्रावणात तांबडी पेशी जशीच्या तशी राहते, शुद्ध पाण्यात फुगून फुटते, जास्त खारट द्रावणात आक्रसते. हे असं का, ते वही न बघता सलग बोलता आलं तर मूत्रपिंड, सूज आणि सलाइन हे तिन्ही धडे हलके होतात.

नावं लक्षातच राहत नाहीत. काय करू?

आधी तुकडे शिका, मग नावं. ही नावं ग्रीक आणि लॅटिन तुकड्यांची बनलेली असतात आणि तेच तुकडे सगळीकडे फिरत राहतात. मायो म्हणजे स्नायू, ऑस्टिओ म्हणजे हाड, नेफ्रो म्हणजे मूत्रपिंड, हायपर म्हणजे जास्त, हायपो म्हणजे कमी किंवा खाली, आयटिस म्हणजे दाह. स्नायूंची नावं तर बहुतेक वेळा स्वतःचा पत्ता घेऊनच येतात. फ्लेक्सर कार्पाय रेडियालिस हा मनगट वाकवणारा, रेडियस हाडाच्या बाजूचा स्नायू. स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड स्टर्नम आणि क्लॅव्हिकलवरून निघून कानामागच्या मॅस्टॉइडला जाऊन लागतो.

काही जोड्या मात्र मुद्दाम फसवायला बनवल्यासारख्या आहेत. युरेटर मूत्रपिंडातून मूत्राशयात जाते, युरेथ्रा मूत्राशयातून बाहेर. ग्लायकोजेन ही साठवलेली साखर, ग्लुकागॉन ती मोडायला लावणारं हार्मोन. पेरिटोनियम पोटातलं आवरण, पेरिनियम दोन मांड्यांमधला भाग. इलियम नावाचं हाड कमरेत आहे आणि त्याच उच्चाराचा लहान आतड्याचा शेवटचा भागही आहे. लिहिताना एका अक्षराचा फरक, हाडात आय आणि आतड्यात ई. अशा जोड्यांसाठी वहीच्या मागचं एक पान राखून ठेवा आणि फसलात की तिथे भर घालत चला.

लक्षात ठेवायची वाक्यं इंटरनेटवर ढिगाने मिळतात. स्वतः बनवलेली जास्त टिकतात, मग ती कितीही वेडगळ असोत. वेडगळ असली तर आणखीच बरं.

डावं-उजवं नेहमी चुकतं.

ॲनाटॉमीतलं डावं-उजवं नेहमी समोरच्या शरीराचं असतं, तुमचं नव्हे. पुस्तकातल्या चित्रात यकृत तुमच्या डाव्या हाताला दिसतं, पण ते शरीराच्या उजव्या बाजूला आहे. सगळ्या दिशा एका ठरलेल्या उभ्या स्थितीवरून मोजतात: सरळ उभं, नजर समोर, हात बाजूला, तळवे पुढे. तळवे पुढे हा भाग महत्त्वाचा, कारण त्या स्थितीत अंगठा बाहेरच्या बाजूला येतो आणि पुढच्या हाताची दोन हाडं एकमेकांना समांतर राहतात. तळवा मागे फिरवलात की रेडियस अल्नावरून आडवं जातं. माणूस पालथा झोपलेला असो की हात डोक्यावर घेऊन उभा, वर्णन त्याच मूळ स्थितीतलं.

हाडं कुठून सुरू करू?

स्वतःच्या अंगावरून. कॉलर बोन, खांद्याचं टोक, मान पुढे झुकवल्यावर पाठीमागे वर येणारा सातवा मणका, कमरेच्या दोन्ही बाजूंची पुढची टोकं, नडगी, घोट्याचे दोन उंचवटे, सगळं बोटांना लागतं. गळ्याखालच्या खाचेतून बोट छातीच्या मधल्या हाडावरून खाली सरकवा. थोड्याच अंतरावर एक आडवा उंचवटा लागेल. त्याच्या दोन्ही बाजूंना दुसरी बरगडी जोडलेली असते. पहिली बरगडी कॉलर बोनखाली दडलेली असल्यामुळे डॉक्टर बरगड्या मोजायला इथूनच सुरुवात करतात, आणि हृदयाचे आवाज ऐकायच्या जागाही याच मोजणीने सापडतात.

सुटं हाड हातात आलं की ते स्वतःच्या शरीरावर योग्य जागी धरून बघा. फीमरचं, म्हणजे मांडीच्या हाडाचं, गोल डोकं वर आणि आत, पाठीमागची खरखरीत रेघ मागे. दोन्ही अटी एकाच पायाला जुळतात, त्यामुळे बाजू आपोआप ठरते.

आणि हाडावरच्या प्रत्येक खुणेला विचारा, इथे काही बिघडलं तर काय? ह्युमरसच्या, म्हणजे दंडाच्या हाडाच्या, मागच्या बाजूने तिरकी खोबण जाते, तिच्यात रेडियल नर्व्ह टेकलेली असते. हाड मधोमध मोडलं की ही नर्व्ह दुखावू शकते आणि मनगट वर उचलता येईनासं होतं. कोपराच्या आतल्या उंचवट्यामागून अल्नर नर्व्ह जाते. तिथे आपटल्यावर करंगळीपर्यंत जी झिणझिणी जाते ती हीच. खुणेला अशी गोष्ट चिकटली की ती यादीतली ओळ राहत नाही.

फिजिऑलॉजी वाचताना समजते, पण पेपरात लिहिता येत नाही. का?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच.

वाचताना समजणं आणि कोऱ्या कागदावर मांडता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा वाचताना मजकूर ओळखीचा होतो आणि ती ओळख आपल्याला ज्ञान वाटते. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग यासाठी माहीत असावा. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी कमी वेळा वाचला आणि उरलेल्या वेळात पुस्तक मिटून आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. परीक्षा पाच मिनिटांनी कधीच नसते.

म्हणून धडा एकदा नीट वाचा, पुस्तक मिटा, बाणांची साखळी काढा. साखळी कशी, ते एका उदाहरणावरून बघू. माणूस झोपलेला होता, झटकन उठून उभा राहिला. पुढे काय होतं?

गुरुत्वाकर्षणामुळे अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त पायांच्या शिरांत उतरतं. हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं. व्हेंट्रिकल कमी भरतं, म्हणून एका ठोक्याला कमी रक्त बाहेर पडतं. रक्तदाब घसरतो. मानेतल्या कॅरॉटिड सायनसमध्ये आणि महाधमनीच्या कमानीत दाब मोजणारे बॅरोरिसेप्टर आहेत, त्यांच्या भिंती कमी ताणल्या जातात. मग त्यांच्याकडून मेंदूकडे जाणारे संदेश वाढतात की कमी होतात?

इथे थांबून उत्तर द्या, मग पुढे वाचा. कमी होतात. "संकट आलं म्हणजे संदेश वाढणार" असं धरून बरेच जण चुकीचा बाण काढतात. हे रिसेप्टर ताण मोजतात. ताण कमी, संदेश कमी. मेंदूच्या बुडाशी असलेलं मेड्युला त्या कमी झालेल्या संदेशांचा अर्थ दाब घसरला असा लावतं. ठोके मंदावणाऱ्या व्हेगस नर्व्हचा लगाम सैल होतो, ठोके वाढवणाऱ्या सिंपथेटिक चेतांचं काम वाढतं, हृदयाचे ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि दाब जागेवर येतो. काही सेकंदांचा खेळ.

आता हीच साखळी तोडून बघा. शरीरात पाणी कमी असेल तर? रक्तवाहिन्या सैल करणारं औषध चालू असेल तर? वयामुळे रिफ्लेक्स मंदावला असेल तर? तिन्ही वेळा उठल्यावर चक्कर, पण साखळीतली कडी वेगळी. परीक्षक "का" विचारतो तेव्हा त्याला कडी हवी असते. प्रत्येक बाणाशेजारी वाढलं की कमी झालं याची खूण करायची सवय लावा. अर्ध्या चुका तिथेच पकडल्या जातात.

प्रत्येक धड्यात होमिओस्टॅसिस का येतं?

कारण सगळी फिजिऑलॉजी त्याभोवतीच फिरते. रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५, तापमान ३७ अंशांच्या आसपास, साखर, कॅल्शियम, पाणी, प्रत्येक गोष्ट एका अरुंद पट्ट्यात राखायची असते. शरीराच्या आतलं वातावरण स्थिर राखणं हा विचार एकोणिसाव्या शतकात क्लॉद बर्नार यांनी मांडला, होमिओस्टॅसिस हे नाव विसाव्या शतकात वॉल्टर कॅनन यांनी दिलं.

बहुतेक यंत्रणा बदलाच्या उलट दिशेने काम करतात, तो निगेटिव्ह फीडबॅक. पॉझिटिव्ह फीडबॅक मोजक्या ठिकाणी दिसतो: प्रसूतीतल्या कळा, रक्त गोठणं. त्याला नेहमी बाहेरून थांबवणारं काहीतरी लागतं. बाळ जन्मलं की कळांची साखळी तुटते.

ताप या प्रकरणात नीट बसवून पाहण्यासारखा आहे. ताप म्हणजे तापमानावरचं नियंत्रण सुटणं, असा समज असतो. प्रत्यक्षात हायपोथॅलॅमसमधला (मेंदूतलं तापमान-नियंत्रण केंद्र) ठरलेला आकडाच वर सरकवला जातो, त्यात प्रोस्टाग्लँडिन ई२चा हात असतो. आकडा ३९ झाला आणि अंग अजून ३७ वर असेल तर शरीराला थंडी "वाटते", म्हणून हुडहुडी भरते आणि कातडीतल्या रक्तवाहिन्या आवळतात. औषधाने आकडा खाली आला की शरीर आता जास्त गरम ठरतं आणि घाम फुटतो. उन्हाचा तडाखा बसतो तेव्हा आकडा जागेवरच असतो, उष्णता बाहेर टाकणं हरलेलं असतं. तापमापकावर दोन्ही सारखे दिसतात, यंत्रणा अगदी वेगळ्या.

गणित किती लागतं?

गुणाकार, भागाकार, प्रमाण आणि थोडं लॉगरिदम. पण जेवढं लागतं तेवढं मनापासून करा, कारण या शास्त्रातला एक मोठा शोध साध्या गुणाकाराने लागला आहे. रक्त यकृतात सतत नवं तयार होतं आणि अवयवांत खर्च होतं, असं प्राचीन वैद्य गॅलनपासून शतकानुशतकं मानलं जायचं. इंग्लिश वैद्य विल्यम हार्वे यांनी एका ठोक्याला बाहेर पडणाऱ्या रक्ताचा मुद्दाम कमी अंदाज धरला आणि त्याला अर्ध्या तासातल्या ठोक्यांनी गुणलं. आलेला आकडा सगळ्या शरीरातल्या रक्तापेक्षा मोठा होता. एवढं रक्त नवं तयार होणं शक्य नाही, म्हणजे तेच फिरत असणार. त्यांचा ग्रंथ १६२८ सालचा. धमन्यांतून शिरांत जाणाऱ्या केशवाहिन्या त्यांना दिसल्या नाहीत. त्या माल्पिगी यांनी १६६१ साली बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाने पाहिल्या, तेव्हा हार्वे हयात नव्हते.

तोच गुणाकार आज तुम्ही करता: मिनिटाला ७० ठोके, दर ठोक्याला ७० मिलिलिटर, म्हणजे ४,९०० मिलिलिटर, जवळपास पाच लिटर. आणखी दोन हिशेब हाताखालून घाला. नळीची त्रिज्या निम्मी झाली की प्रवाहाचा विरोध दुप्पट होत नाही, १६ पट होतो, कारण तो त्रिज्येच्या चौथ्या घाताशी व्यस्त प्रमाणात असतो. बारीक धमन्या जराशा आवळल्या तरी रक्तदाब एवढा का हलतो ते यातून कळतं. दुसरा पीएचचा. ७.४ वरून ७.१ हा फरक क्षुल्लक दिसतो, पण तेवढ्यात हायड्रोजन आयनचं प्रमाण दुप्पट होतं.

श्वासाचाही एक छोटा हिशेब आहे. शांत श्वासात ५०० मिलिलिटर हवा आत येते, त्यातली सुमारे १५० नळ्यांतच राहते. मिनिटाला १२ खोल श्वास आणि २४ उथळ श्वास, एकूण हवा सारखीच असली तरी फुप्फुसाच्या पिशव्यांपर्यंत सारखी पोचते का? आकडे मांडून बघा.

सगळ्यांत अवघड धडे कोणते?

बहुतेकांना दोन ठिकाणी दम लागतो: चेतापेशीतला विद्युत विभव आणि नेफ्रॉन, म्हणजे मूत्रपिंडातली रक्त गाळणारी सूक्ष्म नळी.

विभवाच्या धड्यात एक गैरसमज मुळापासून काढायला हवा. सोडियम-पोटॅशियम पंप तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत करतो, म्हणून पेशीत उणे ७० मिलिव्होल्ट, असं सरळ लिहिलं जातं. पंपाचा थेट वाटा थोड्या मिलिव्होल्टांचा आहे. मोठं कारण वेगळं: पंपाने तयार केलेल्या फरकामुळे पोटॅशियम आत भरपूर असतं आणि विश्रांतीत पेशीचा पडदा मुख्यतः पोटॅशियमलाच वाट देतो. ते धन भार घेऊन बाहेर झिरपतं, आत ऋण भार मागे राहतो. दुसरा गैरसमज असा की एका ॲक्शन पोटेन्शियलमध्ये, म्हणजे चेतापेशीतल्या एका विद्युत संदेशात, आतलं-बाहेरचं सोडियम उलटसुलट होऊन जातं. प्रत्यक्षात इतके थोडे आयन हलतात की एकूण प्रमाणात फरक जाणवतही नाही. आलेख रटण्याआधी प्रत्येक चढ-उतारावर कोणतं दार उघडं आणि कोणतं बंद ते लिहा.

नेफ्रॉनची पद्धत मुळात विचित्र आहे. नको ते वेचून बाहेर टाकण्याऐवजी मूत्रपिंड जवळपास सगळंच बाहेर काढतं आणि हवं ते परत घेतं. कपाट आवरताना आपण सगळे कपडे पलंगावर ओततो तसं. दिवसाला १८० लिटर गाळलं जातं. शरीरात प्लाझ्मा साधारण तीन लिटर, म्हणजे तोच प्लाझ्मा दिवसातून ६० वेळा गाळला जातो, आणि लघवी होते एक-दोन लिटर. उधळपट्टी वाटते, पण फायदा असा की शरीरात आलेल्या नव्या, अनोळखी पदार्थासाठी वेगळं दार बनवायला नको. परत घ्यायची सोय नसली की तो आपोआप बाहेर.

नेफ्रॉन शिकताना लांब कागद घ्या, पूर्ण नळी एकदाच काढा आणि प्रत्येक भागाखाली तीनच गोष्टी लिहा: पाणी जातं का, मीठ जातं का, कोणतं हार्मोन ऐकतो. पहिल्या वळणदार भागात पाणी आणि सोडियम यांचा सुमारे दोन-तृतीयांश हिस्सा परत घेतला जातो. हेन्लेच्या लूपच्या उतरत्या बाजूने पाणी बाहेर जातं, मीठ फारसं नाही. चढत्या जाड बाजूने मीठ बाहेर, पाणी मुळीच नाही. या एका विसंगतीमुळे मूत्रपिंडाचा आतला भाग खारट होतो, आणि तो खारटपणा नसेल तर पाणी राखायला लावणारं हार्मोन एडीएच कितीही असलं तरी लघवी घट्ट करता येणार नाही. लूपवर काम करणाऱ्या औषधांनी लघवी एवढी का वाढते, हे आता तुम्हीच सांगू शकाल.

पुस्तकातलं चित्र आणि टेबलावरचा नमुना यांचा मेळ बसत नाही.

बसणारही नाही. चित्रात धमनी लाल, शीर निळी, नर्व्ह पिवळी. जतन केलेल्या नमुन्यात सगळं करड्या-तपकिरी छटांचं. रंगाचा आधार गेला की ओळख तीन गोष्टींवरून करायची: कुठून कुठे जातं, शेजारी कोण आहे, हाताला कसं लागतं. धमनीची भिंत जाड आणि तोंड गोल उघडं राहतं, शिरेची पातळ आणि ती चपटी पडते, नर्व्ह आतून भरीव दोरीसारखी लागते. फुप्फुसाच्या धमनीत ऑक्सिजन कमी असलेलं रक्त असतं हेही आठवत राहा. धमनी म्हणजे हृदयापासून दूर नेणारी, एवढंच.

शिवाय माणसं पुस्तकाबरहुकूम जन्मत नाहीत. अंगठा आणि करंगळी जुळवून मनगट थोडं वाकवा. मधोमध एक दोरी उठून दिसली तर ती पाल्मारिस लाँगस या स्नायूची. नसेल दिसत तर घाबरू नका, पुष्कळ लोकांत हा स्नायू नसतोच आणि त्यांचं काही अडत नाही.

फॉर्मलिनच्या खोलीत हातमोजे, एप्रन आणि खेळती हवा यांत काटकसर नको. डोळे चुरचुरत असतील तर बाहेर जाऊन या.

स्लाइडवर सगळं गुलाबीच दिसतं!

नेहमीच्या रंगकामात हिमॅटॉक्सिलिनने केंद्रकं निळी-जांभळी होतात आणि इओसिनने उरलेलं गुलाबी, म्हणून. सर्वांत कमी शक्तीच्या भिंगाने सुरुवात करा. थेट मोठ्या भिंगावर उडी मारणारे हरवतात. आधी पोकळी शोधा, पोकळीला लागून एपिथेलियम, म्हणजे अस्तराच्या पेशींचा थर, असतं. त्याचे थर किती आणि पेशींचा आकार काय, यावर निम्मी ओळख पटते. चपट्या पेशींचा एकच थर दिसला तर तिथून काहीतरी पलीकडे झिरपायचं असणार, बरेच थर दिसले तर घर्षण सोसायचं असणार. फुप्फुसाची पिशवी आणि अन्ननलिका शेजारी ठेवून पाहा. आकाराचा अंदाज हवा असेल तर तांबडी पेशी शोधा. ती सात-आठ मायक्रोमीटरची असते आणि जवळपास प्रत्येक स्लाइडवर कुठेतरी सापडते. फुकटची मोजपट्टी.

स्पॉटिंगची, म्हणजे नमुने ओळखायच्या परीक्षेची, तयारी?

वेळ लावून, उभ्याने, लिहून करा. मित्राला नमुन्यांवर चिठ्ठ्या लावायला सांगा आणि प्रत्येकाला एकच मिनिट द्या. नाव लिहिताना बाजू आणि पूर्ण नाव लिहा.

ॲप, थ्रीडी मॉडेल, व्हिडिओ, एआय यांवर भागेल का?

थ्रीडी मॉडेल फिरवून पाहायला उत्तम, विशेषतः कवटीची भोकं आणि मेंदूतल्या पोकळ्यांसाठी. पण लेबलं चालू ठेवून फिरवलं तर तो सिनेमा झाला. लेबलं बंद करा, बोट ठेवा, नाव सांगा, मग उघडा. व्हिडिओ मधेच थांबवून "आता पुढे काय होईल" हे बोलल्याशिवाय पुढे नेऊ नका. एआय साध्या भाषेत समजावतं, पण चुकीचा नर्व्ह सप्लायही तितक्याच आत्मविश्वासाने सांगतं. त्याच्याकडून उत्तरं घेण्यापेक्षा प्रश्न घ्या, आणि उत्तरं पुस्तकात तपासा.

किती पुस्तकं वाचू?

एक. सोबत एक ॲटलास. तिसरं फक्त अडलेल्या पानापुरतं.

मराठीतून समजून घेतलं तर चालेल का?

बेलाशक. साखळी मराठीत बोला, संज्ञा पेपरात लागतात त्याच ठेवा. "दाब कमी झाला म्हणून बॅरोरिसेप्टर गप्प बसले" हे वाक्य कुणाला समजावता आलं तर इंग्रजी उत्तर लिहिणं हे फक्त लिखाणाचं काम उरतं.

वाचलेला प्रत्येक आजार मलाच झालाय असं वाटतं.

नवीन विद्यार्थ्यांत हे इतकं नेहमीचं आहे की त्यावर विनोद होतात. शरीराकडे पहिल्यांदाच इतकं लक्ष गेलं की एरवी न जाणवणारे ठोके, फडफडणारी पापणी, सगळं जाणवायला लागतं. एखादा त्रास खरोखर टिकून राहिला तर मात्र पुस्तक बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा.

डिसेक्शन हॉलमध्ये चक्कर आली तर? मला या क्षेत्रात जागा नाही का?

जागा आहे. बेशुद्ध पडण्याची ही प्रतिक्रिया तुमच्या हिमतीवर ठरत नाही. भीती, वास किंवा दृश्य यांमुळे व्हेगस एकदम जोर धरते आणि ठोके मंदावतात. त्याच वेळी सिंपथेटिकचा जोर ओसरतो, रक्तवाहिन्या सैल पडतात, दाब कोसळतो आणि मेंदूला रक्त कमी पडतं. आधी सूचना मिळते: घाम, मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी, आवाज लांबून आल्यासारखे. सूचना मिळताच खाली बसा किंवा आडवे व्हा आणि पाय उंच करा. लाज वाटून उभं राहण्याचा हट्ट धरला तर पडताना डोकं आपटायची भीती.

उपाशीपोटी जाऊ नका, पाणी पिऊन जा. एकाच जागी गुडघे ताठ करून उभं राहणं टाळा. पोटऱ्यांचे स्नायू हलले की शिरांतलं रक्त वर ढकललं जातं. अस्वस्थ वाटू लागलं आणि बसायला जागा नसेल तर पायांची घट्ट अढी घालून मांड्या आणि पोट आवळा, तेवढ्याने दाब थोडा सावरतो. बहुतेकांना काही वेळा गेल्यावर सवय होते. पहिल्या दिवशी शिक्षकांना आधीच सांगून ठेवा आणि स्टूल हाताशी असेल अशी जागा निवडा.